लाल बटणाचा भरवसा

आमच्या गल्लीत सध्या एक नवीन रिवाज पडला आहे. दर अमावास्येला सकाळी साडेदहाच्या सुमाराला आमच्या घरातून कर्कश घंटा वाजते, आणि कंपाउंडच्या पलीकडून शेजारच्या अक्का मोठ्याने ओरडतात, "केळिस्तु, केळिस्तु!" म्हणजे ऐकू आली. मग आमच्या सासूबाई न्हाणीघरातून बाहेर येतात आणि कॅलेंडरवर त्या तारखेपुढे पेन्सिलीने एक बारीक टिंब काढतात. नवख्या माणसाला हा कसला तरी कुळाचार वाटेल. तो कुळाचार नाही, पण झाला तर वाईट काय, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्याचीच ही हकिगत. त्यात माझी एक चूक आहे. ती मी तीन आठवडे लपवून ठेवली होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचे काही सांगण्याचा मला हक्क नाही.

आमच्या घरची रचना बेळगावातल्या अनेक घरांसारखीच. 'हे' नोकरीनिमित्त गोव्यात, शनिवारी रात्री येतात नि सोमवारी पहाटेच्या गाडीने जातात. मुलगा शिकायला हुबळीला. मी सकाळी दहाला कॉलेजला गेले की चारनंतर घरी. म्हणजे मधले सहा तास अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई घरात एकट्या. भांडीवाल्या मावशी दोनला येतात, तेवढाच काय तो माणसाचा आवाज. पलीकडे अक्कांचे कानडी घर. दोन्ही घरांत कुंड्यापासून कडबूपर्यंत सगळ्याची देवाणघेवाण. सासूबाई कानडी बोलतात ती मराठी वळणाची, अक्का मराठी बोलतात ती कानडी वळणाची, आणि दोघींना एकमेकींचे सगळे समजते.

पुण्याच्या धाकट्या दिरांना आईची काळजी. त्यांनी गेल्या वर्षी एक यंत्र पाठवून दिले. भिंतीवर लावायची दोन लाल बटणे आणि एक घंटापेटी. एक बटण सासूबाईंच्या पलंगाजवळ, दुसरे न्हाणीघरात. बटण दाबले की त्यातला बारीक दिवा लागतो, बिनतारी संदेश जातो आणि पुढच्या खोलीतल्या भिंतीवरची पेटी गल्लीला ऐकू जाईल अशी वाजते. पेटी आम्ही मुद्दाम अक्कांच्या स्वयंपाकघराकडच्या खिडकीजवळ बसवली. मागच्या दाराची एक किल्ली अक्कांकडे असतेच. घंटा ऐकली की त्यांनी यायचे, असे ठरले. पहिल्या दिवशी दोनतीनदा वाजवून पाहिली, सगळ्यांनी कौतुक केले आणि आम्ही निश्चिंत झालो. त्या निश्चिंतपणातच सगळी गफलत होती, हे नंतर समजले.

गेल्या गणपतीत पुढच्या खोलीत मखर केले. दिव्यांच्या माळेला जागा हवी होती. घंटापेटीच्या चार्जरचा प्लग मी काढला आणि तिथे माळेचा प्लग लावला. पाच दिवसांचा तर प्रश्न, असे म्हटले असेन, किंवा तेवढेही म्हटले नसेन. पेटीवर सजावटीचा कापडी पडदा आला. पाच दिवसांनी विसर्जन झाले, मखर उतरले, माळ गुंडाळून माळ्यावर गेली. प्लग मात्र खाली लोंबकळत राहिला. पेटीत स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे प्लग काढल्याबरोबर ती बंद पडत नाही. बॅटरी संपत आली की तिच्यावरचा तांबडा दिवा लुकलुकतो. तो पडद्यामागे लुकलुकला असणार. पडदा निघाला तोवर त्याचेही बळ सरत आले असावे, आणि मग तो विझला. लुकलुकणारा दिवा डोळ्यांत येतो, विझलेला दिवा कुणाच्याच डोळ्यांत येत नाही.

अनंत चतुर्दशी होऊन दोनतीन दिवस झाले होते. पितृपंधरवडा लागला होता. साडेअकराच्या सुमाराला सासूबाई न्हाणीघरात गेल्या, ओल्या फरशीवर पाय सरकला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. उठता येईना. डाव्या हाताने बटणापर्यंत कशाबशा पोहोचल्या आणि बटण दाबले. दिवा लागला. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि वाट पाहू लागल्या. दोन वाजता मावशी आल्या तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. अडीच तास.

मनगटाचे हाड मोडले होते. बाकी मार मुका होता. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावले. वयस्कर माणूस पडून तासाभराहून जास्त वेळ जमिनीवर राहिले, तर पडण्यापेक्षा पडून राहण्यानेच अधिक नुकसान होऊ शकते. अंगातले पाणी कमी होते, गारठा बसतो, एकाच बाजूवर भार राहिल्याने कातडीला जखमा होतात, दबलेले स्नायू खराब होऊन त्याचा त्रास मूत्रपिंडाला होतो. हे ते शांतपणे सांगत होते आणि माझे हातपाय गार पडत होते.

पण मला खरा चटका लागला तो सासूबाईंच्या एका वाक्याने. मी विचारले, "आई, तुम्ही हाक का मारली नाहीत? अक्का पंधरा पावलांवर होत्या." त्या म्हणाल्या, "हाक कशाला मारू? बटण दाबलं की मी. दिवा पण लागला. म्हटलं, येतील आता."

अक्का त्या वेळी स्वयंपाकघरात रोट्टी थापत होत्या. खिडकी उघडी होती. एक हाक पुरली असती. नंतर त्या आमच्या पायरीवर बसून रडल्या. "घंटीच वाजली नाही हो ताई, मला काय ठाऊक?" त्यांचा काहीच दोष नव्हता. बटण नसते तर सासूबाईंनी हाक मारली असती, दार बडवले असते, बादली आपटली असती. बटणामुळे त्या गप्प बसल्या. बंद पडलेले यंत्र म्हणजे नुसते निरुपयोगी यंत्र नव्हे. ते माणसाच्या तोंडची हाक काढून घेते आणि बदल्यात काहीच देत नाही.

त्या रात्री दवाखान्यातून परत आल्यावर मला तो लोंबकळणारा प्लग दिसला. मी तो चटकन लावला. पेटीचा दिवा लागला. आणि यजमानांचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "पेटीची बॅटरीच खराब निघाली." दिरांनी तर दुकानदाराशी भांडायची तयारी केली. मी त्यांना म्हटले, जाऊ दे, भांडून काय उपयोग. माझा समजूतदारपणा त्यांना आवडला!

लाज वाटली की माणूस अभ्यासाला लागतो. मी इतिहास शिकवणारी बाई, वीज आणि बॅटरी यांत मला गती नाही. पण आमच्या स्टाफरूममध्ये फिजिक्सचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत आणि आमच्या घरचे वायरिंग पाहणारे एक जाणते मिस्त्री आहेत. दोघांना चहा पाजून पाजून जे शिकले ते इथे मांडते. कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता अशी बटणे भिंतीवर आली आहेत. मुले बेंगळुरू-पुण्याला, कुणाची परदेशी. पाठवणारा पाठवून मोकळा होतो, सांभाळायचे असते घरच्यांनी.

पहिली गोष्ट म्हणजे अशा यंत्रात बॅटऱ्या दोन जातींच्या असतात, आणि दोघींचा स्वभाव वेगळा. भिंतीवरच्या बटणात बहुधा रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्यावर बरेचदा 'सीआर २०३२' असे छापलेले असते. त्यातल्या आकड्यांचा अर्थ मला सहकाऱ्यांनी सांगितला तेव्हा गंमत वाटली. २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. हा ३ व्होल्टचा लिथियम सेल. काही बटणांत त्याऐवजी करंगळीच्या पेरापेक्षाही लहान असा १२ व्होल्टचा गोल सेल असतो. हे दोन्ही सेल एकदा संपले की संपले. ते चार्ज करायचे नसतात, तसा प्रयत्नही करू नये. फुटण्याचा धोका असतो.

घंटापेटीत असते ती चार्ज होणारी बॅटरी, आजकाल बहुतेक लिथियम-आयन जातीची, म्हणजे आपल्या मोबाइलमध्ये असते तीच. १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आली आणि तिच्या संशोधनासाठी २०१९ मध्ये तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एवढी थोर वस्तू आमच्या भिंतीवर होती आणि मी तिचा प्लग माळेसाठी काढला!

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. बटणावरचा दिवा आणि पेटीची घंटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बटणावरचा दिवा एवढेच सांगतो की बटणाने संदेश पाठवला. तो पोहोचला की नाही, हे साध्या यंत्रातल्या त्या दिव्याला ठाऊक नसते. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकले म्हणजे ते मिळालेच असे नाही, तसेच हे. सासूबाईंचा दिवा खोटे बोलला नव्हता, आम्हीच त्यांना त्याचा अर्थ सांगितला नव्हता. घरच्या वडीलधाऱ्यांना हे स्पष्ट सांगून ठेवावे: दिवा लागला तरी घंटेचा आवाज कानांवर आला पाहिजे. तो आला नाही तर पुन्हा दाबा आणि हाक मारा. आवाज आला तरी हाक मारायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट, चार्जिंगची. आपल्या पिढीच्या डोक्यात एक जुना नियम बसलेला आहे. बॅटरी पूर्ण उतरवावी आणि मगच चार्जिंगला लावावी. तो नियम निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांचा. लिथियम बॅटरीला तो लागू नाही. उलट ती पूर्ण उतरून तशीच पडून राहिली तर कायमची दुबळी होते, कधी पुन्हा उठतच नाही. आमची पेटी वाचली ती नशिबाने. तेव्हा पेटीचा प्लग कायम लावलेला असावा. चार्जर शक्यतो पेटीसोबत आला तोच वापरावा. त्यासाठी स्वतंत्र पॉइंट काढून घ्यावा, जिथे मिक्सर, इस्त्री, मोबाइल यांची गर्दी होणार नाही. आमच्या मिस्त्रींनी छताजवळ वेगळा पॉइंट दिला. तिथे हात पोचत नाही, म्हणून मोहही होत नाही. शिवाय त्यावर मी दोन भाषांत चिठ्ठी चिकटवली आहे. वर मराठीत 'बंद करू नये', खाली कानडीत 'बंद माडब्याडरी'. कारण सणाच्या दिवसांत प्लग काढणारा हात कुणाचाही असू शकतो.

इथे इन्व्हर्टरवाल्या घरांनी एक खात्री करून घ्यावी. पुष्कळ घरांत इन्व्हर्टरची लाइन फक्त दिवे-पंख्यांना जोडलेली असते, प्लगच्या पॉइंटना नव्हे. म्हणजे लाइट गेली की घरात उजेड असतो, पण पेटी मात्र स्वतःच्या बॅटरीवर. आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात झाडाची फांदी तारेवर पडली की लाइट किती तास जाईल याचा नेम नाही. मिस्त्रींना विचारून पेटीचा पॉइंट इन्व्हर्टरवर घेता आला तर उत्तम. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पाण्याची असेल तर तिच्यातले डिस्टिल्ड वॉटरही वेळेवर भरत चला. नळाचे पाणी चालत नाही.

वळवाच्या पावसाचा वेगळाच धोका. एप्रिल-मेमध्ये विजा कडाडू लागल्या की आपण टीव्हीचा प्लग काढतो, त्यासोबत हाही निघतो. काढायला हरकत नाही. पण पाऊस थांबल्यावर टीव्ही आठवणीने लागतो, कारण मालिका असते. पेटीची मालिका नसते. म्हणून ती आठवण मुद्दाम ठेवावी लागते.

पेटीची बॅटरी सतत चार्जिंगवर राहूनही हळूहळू म्हातारी होते. दोनचार वर्षांत तिची ताकद कमी होते आणि आपल्याला पत्ता लागत नाही, कारण प्लगवर असताना ती ठणठणीत वाजते. त्यासाठी सहकाऱ्यांनी एक उपाय सांगितला. तीन महिन्यांतून एकदा, घरात माणसे असतील अशा रविवारी सकाळी प्लग काढायचा आणि रात्री बटण दाबून पाहायचे. दणकून वाजली तर ठीक. आवाज दबका आला किंवा आलाच नाही तर बॅटरी बदलायची वेळ झाली. लगेच प्लग परत लावायचा. सासूबाई याला बॅटरीची एकादशी म्हणतात. मात्र उपास दिवसभराचाच, निर्जळी करून तिला मारायचे नाही.

चौथी गोष्ट बटणातल्या चपट्या सेलची. टॉर्चचा सेल संपत आला की उजेड पिवळा पडतो, आपण सावध होतो. लिथियमचा हा सेल तसा नाही. आयुष्याचा बराचसा काळ तो जवळजवळ सारखाच जोर दाखवतो आणि अखेरीस झपाट्याने बसतो. त्यामुळे 'अजून दिवा लागतो आहे' यावर विसंबू नये. सेल संपण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा ठरल्या दिवशी बदलून टाकावा. पन्नाससाठ रुपयांत कंजूषी नको. आम्ही पाडव्याचा दिवस धरला आहे. तो अक्कांकडे युगादीचा. दोन्ही घरांत आठवण राहते. बदलल्याची तारीख एका चिकटपट्टीवर लिहून बटणाच्या मागे लावते. सेल बसवताना अधिक चिन्हाची बाजू कुठे हवी ते पाहावे, हात कोरडे असावेत आणि सेल स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावा. नव्या बटणात सेल आणि पत्र्याच्या मध्ये प्लास्टिकची पातळ पट्टी घालून देतात. ती ओढून काढली नाही तर बटण मुकेच राहते. आपल्याकडे आधी पट्टी न काढताच भिंतीवर ठोकायची घाई असते.

पावसाळ्यात न्हाणीघरातल्या बटणात ओल शिरते. आतल्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर धरतो आणि सेल चांगला असूनही काम होत नाही. दोन महिन्यांतून एकदा झाकण उघडून पत्रे कोरड्या फडक्याने पुसावेत. थर हट्टी असेल तर मुलांच्या खोडरबराने हलके घासले की निघतो. पुसताना पाणी, साबण, फिनेल काही नको. आमच्या मावशी फरशीबरोबर बटणही ओल्या फडक्याने पुसत. भाबडी स्वच्छता! आता त्यांना सांगितले आहे.

इथे नातवंडांच्या घरांसाठी एक कडक सूचना. हे चपटे सेल लहान मुले तोंडात घालतात. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजून गंभीर जखम होऊ शकते. जुना, संपलेला वाटणारा सेलही निरुपद्रवी नसतो. तेव्हा काढलेला सेल टेबलावर ठेवू नये. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून डबीत बंद करावा. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठावा. पेटीची बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू नये, दाबू नये, चार्जिंग ताबडतोब बंद करावे. जुन्या बॅटऱ्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नयेत, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्याव्यात. २०२२ पासून देशात बॅटरी कचऱ्याचे स्वतंत्र नियमही आहेत.

पाचवी गोष्ट, बटण कुठे लावावे. आम्ही उभ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर लावले होते. पण पडलेल्या माणसाला तिथे पोहोचायचे कसे? सासूबाई पोहोचल्या ती त्यांची जिद्द. ब्रिटनमध्ये अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात छतापासून लाल दोरी लोंबती असते, थेट फरशीच्या जरा वरपर्यंत. पडलेल्या माणसाला ओढता यावी म्हणून. तिथेही लोक झाडताना आड येते म्हणून ती गुंडाळून वर बांधून ठेवतात आणि मग ती सोडून ठेवा अशा पाट्या लावाव्या लागतात. माणसे सगळीकडे सारखीच! आम्ही आता न्हाणीघरात दोन बटणे केली आहेत. एक उभ्याच्या हाताला, एक फरशीपासून वीतभर वर, पण पाण्याची धार येणार नाही अशा कोपऱ्यात. बटण नुसत्या चिकटपट्टीवर ठेवू नये. ओलीने ती सुटते. स्क्रूने बसवावे. जाड भिंती आणि लोखंडी कपाटे आड आली की संदेश कमजोर होतो, म्हणून कपाट हलवले, नवी भिंत घातली की पुन्हा तपासून पाहावे.

आणि सहावी गोष्ट, ती अमावास्येची घंटा. सहकारी म्हणाले, महिन्यातून एकदा प्रत्येक बटण खरोखर दाबून पाहा. तारीख कुठली ठरवावी? मी महिन्याची एक तारीख म्हटले. अक्का म्हणाल्या, "एक तारीख कोण लक्षात ठेवतो? अमावास्या धरा." आपल्या भागात अमावास्येला दुकानांची, गाड्यांची, यंत्रांची पूजा होते, लिंबू-मिरची बदलतात. त्या दिवशी यंत्राची आठवण येतेच. पटले. सासूबाई स्वतः बटण दाबतात, मी नाही. कारण वेळ येईल तेव्हा दाबायचे आहे त्यांच्या बोटाला. आणि ऐकायचे आहे अक्कांच्या कानाला. त्यामुळे अक्कांनी 'केळिस्तु' म्हटल्याशिवाय तपासणी पुरी झाली असे आम्ही मानत नाही. अमावास्या कॉलेजच्या दिवशी आली तर मला फोनवर कळवतात.

अर्थात भिंतीवरचे बटण म्हणजे काही सर्वस्व नव्हे. देशात आता सर्व संकटांसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. रुग्णवाहिकेसाठी कर्नाटकात २००८ पासून १०८ आहे. हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत, चश्म्याशिवाय दिसतील असे, फोनजवळ आणि दाराजवळ लिहून ठेवावेत. आकडे मराठी, कानडी आणि इंग्रजी, जो ज्याला वाचता येईल त्या लिपीत. मोबाइलमध्येही संकटाचे बटण असते. साध्या बटणांच्या नव्या फोनमध्ये पाच किंवा नऊचा आकडा दाबून धरायचा अशी सोय सरकारी नियमाने दिलेली आहे. पण फोन न्हाणीघरात नेत नाहीत आणि माणसे पडतात ती बरेचदा तिथेच. म्हणून भिंतीवरचे बटण हवे. आणि ते हवे तर ते जिवंत हवे.

आता राहिली माझी चूक. खंडेनवमीला आम्ही घरातली हत्यारे मांडतो. विळी, खलबत्ता, यजमानांची पान्ह्यांची पेटी, मुलाची जुनी सायकल, माझी पेने. सासूबाईंचा हात अजून प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने त्या एकेकाला हळदकुंकू लावत होत्या. मध्येच म्हणाल्या, "ती घंटापेटी पण आण की खाली." मी स्टुलावर चढून पेटी काढू लागले. चार्जर सोडवताना हात थांबला. खालून त्या अगदी सहज म्हणाल्या, "माळ लावताना काढलेलीस बघ ती पिन. मी तिथंच फुलं निवडत बसले होते. परत लावायचं मला पण ध्यानात आलं नाही."

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. दिरांनी दुकानदाराला बोल लावला तेव्हा, यजमानांनी कंपनीला नावे ठेवली तेव्हा, त्या समोर बसून ऐकत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. 'मला पण' म्हणून त्यांनी अर्धी चूक स्वतःकडे घेतली होती. मी स्टुलावरून उतरले, त्यांच्याजवळ बसले आणि तीन आठवडे गिळलेले सगळे बोलून टाकले. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता फूल वाहा, आणि पहिल्यांदा पिन लाव. पूजा काय, मागनं झाली तरी चालते."

त्याच संध्याकाळी मी यजमानांना आणि दिरांना खरे काय ते सांगितले. दीर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वहिनी, मी पाठवून दिलं आणि पुन्हा एकदाही विचारलं नाही, चालू आहे का म्हणून." आता तेही दर अमावास्येला फोन करतात. बोलणे घंटेवरून सुरू होते आणि अर्धा तास चालते. आईला असा नेमाने फोन त्यांनी पूर्वी कधी केला होता, असे आठवत नाही.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरच्या भिंतीवर असे बटण असेल तर हे पान वाचून झाल्यावर एक करा. उठा आणि ते दाबून पाहा. वाजले तर शेजाऱ्यांना विचारा, ऐकू आले का. नाही वाजले तर प्लग पाहा. लोंबकळत असेल तर कुणी काढला याची चौकशी करत बसू नका, लावून टाका. चौकशी मागाहून होते, आणि बहुधा ज्याला ठाऊक असते तो गप्प बसलेला असतो.